लागलं का कोणाला?

साडेनऊ आणि पैलवान हे नवराबायको. संसार सुखाचा होता. दोघांच्या दुखण्यांपैकी एक मात्र सगळ्या नात्यागोत्यात गाजलेलं होतं आणि दुसऱ्याचा कुणाला पत्ताही नव्हता.

साडेनऊ हे नाव बोटांवरून पडलं. फर्निचरच्या कारखान्यात करवतीनं त्याच्या डाव्या हाताचं अर्धं बोट नेलं, तेव्हा पट्टी बांधणाऱ्या नर्सला तो म्हणाला, "मोजून घ्या, साडेनऊ भरायला पाहिजेत." हा विनोद त्याच्याआधी कारखान्यात पोचला. बोट गेल्याचं दुःख त्याला फार दिवस पुरलं नाही, गोष्ट मात्र जन्माची पुरली. नवीन माणूस भेटला की तो डावा हात टेबलावर ठेवायचा, आणि समोरच्यानं विचारलं नाही तर विचारेपर्यंत त्याच बोटानं टेबल वाजवत बसायचा.

पैलवान हे नाव मानाचं. ती वृद्धनिवासात आया होती. स्वतःहून कूसही बदलता न येणाऱ्या माणसांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि तिथून परत पलंगावर न्यायचं, हे तिचं काम. ती ते एकटीनं करायची. काखेखालून हात घालायची, "धरा मला" म्हणायची, आणि आपल्याला उचललंय हे त्या माणसाच्या ध्यानात येईपर्यंत तो खुर्चीत बसलेला असायचा. पैलवान हे नाव तिला मास्तरांनी दिलं. मास्तर म्हणजे खिडकीजवळच्या पलंगावरचे, पाय गेलेले, जीभ शाबूत असलेले जुने शिक्षक. ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत. "बाकीच्या मला सामानासारखं उचलतात," असं ते म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी दीर आणि जाऊ जेवायला आले, की एकच विषय निघायचा. दीर उंच इमारती रंगवायचा. तो दोनदा शिडीवरून पडला होता आणि दोन्ही वेळच्या हकिकती त्याला तोंडपाठ होत्या. साडेनऊ बोट पुढे करायचा, दीर गुडघा उघडा करायचा, आणि कोणाचं काम जास्त जिवावरचं यावर दोघे भाऊ असे भांडायचे, की ज्याचं काम जास्त वाईट त्याला जणू बक्षीस मिळणार होतं.

"वहिनींचं बरं आहे," दीर म्हणायचा. "डोक्यावर छप्पर, खाली गुळगुळीत फरशी. फार तर म्हातारा चावेल."

"चावतात की, भावजी," पैलवान म्हणायची. "पण दात काढून ठेवल्यावर काय चावणार?"

सगळे हसायचे, तीही हसायची. आणि तेवढ्यात एखादा चमचा खाली पडला, तर ती टेबलाची कड धरून, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकत वाकत खाली जायची आणि तशीच वर यायची. पाहणाऱ्याला वाटावं, काय ही ऐट.

ऐट कसली? कंबर कामातून गेली होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा प्रकार होता. सकाळी उठताना ती आधी कुशीवर वळायची, मग पाय खाली सोडायची, मग पलंगाच्या दांडीला धरून स्वतःलाच एखाद्या पेशंटसारखी उभी करायची. मोजे घालायचे तिनं केव्हाच सोडून दिले होते. दुपारनंतर डाव्या पायाला मुंग्या यायच्या. हे सगळं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि का नाही सांगितलं याचं उत्तर निवासातच, कॉरिडॉरच्या टोकाला होतं.

तिथे शिवणखोली होती. फाटलेल्या चादरी, तुटलेली बटणं, उसवलेल्या उशा. आयाची पाठ गेली, की तिला शिवणखोलीत बसवायचं, असा तिथला रिवाज होता. पैलवानाला काम शिकवणारी थोरली तिथेच बसली होती. थोरलीला पगार तोच होता, खुर्ची मऊ होती, वर पंखा होता. पण भिंतीपलीकडून वॉर्डातलं हसणं ऐकू आलं, की तिची सुई थांबायची. "कोण गं हसलं?" असं ती दारातून जाणाऱ्या प्रत्येकीला विचारायची. पैलवानाला त्या प्रश्नाची भीती वाटायची. तिला वॉर्ड हवा होता. मास्तर हवे होते, सकाळी खिडक्या उघडताना एकेक करून जागे होणारे चेहरे हवे होते. ते सोडून बटणं लावत बसायला ती तयार नव्हती.

मग झाकली मूठ सव्वा लाखाची.

झाकली होती, असं तिला वाटत होतं. एका संध्याकाळी साडेनऊ कारखान्यातून आला आणि लांब दांड्यांचा एक लाकडी चिमटा त्यानं तिच्यापुढे टेबलावर ठेवला. टाकाऊ पट्ट्यांचाच, पण छान घासून गुळगुळीत केलेला. टोकाला रबर, वर मुठीत दाबायची कळ.

"हे काय?" तिनं विचारलं.

"चिमटा. खाली पडलेलं उचलायला."

"मला काय करायचाय?"

"तुला नाही गं. घरात असावा." आणि तो हात धुवायला निघून गेला.

माणूस बडबड्या होता खरा, पण नेमक्या वेळी गप्प बसायची कला त्याला साधली होती. तिनं दुसऱ्या दिवशी चिमटा पिशवीत घातला आणि कामावर नेला. मास्तरांचा चष्मा पडला, तो चिमट्यानं उचलला. औषधाची बाटली गडगडत पलंगाखाली गेली, ती चिमट्यानं ओढली. बाकीच्या आया बघत राहिल्या. आठवडाभर त्यांनी चेष्टा केली, आणि मग एकेकीनं, दुसरी ऐकत नाही ना हे बघून, तिच्या कानाशी येऊन विचारलं, "तुझे यजमान मला एक करून देतील का गं?" साडेनऊनं सगळ्यांना करून दिले. आयांच्या खोलीत एप्रनच्या खुंट्यांवर प्रत्येकीचा चिमटा लटकू लागला. कुणी दांडीला लाल दोरा बांधला, कुणी निळा, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. का लागतो हा चिमटा, असं एकीनंही दुसरीला विचारलं नाही. सगळ्या ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या.

असं बरंच चाललं. मग नवी आली.

नवी म्हणजे वयानं नवी नव्हे. मुलं मोठी करून, घरात बसून कंटाळून कामाला लागलेली बाई. हसतमुख होती, हाताला बळ होतं, आणि पैलवान कसं उचलते ते ती डोळ्यांत साठवून घ्यायची. "मलाही तुमच्यासारखं एकटीनं जमायला पाहिजे, ताई," असं म्हणायची. पैलवानानं तिला शिकवलं. पाय कुठे रोवायचा, हात कुठून घालायचा, "धरा मला" कधी म्हणायचं. शिष्या चांगली मिळाली म्हणून ती खूशही होती.

आणि एक दिवस एप्रन काढता काढता नवी म्हणाली, "ताई, भाऊजींना सांगून मलाही एक चिमटा करून द्या ना. पिवळा दोरा मी आणते."

पैलवानाचा हात एप्रनच्या गाठीवरच राहिला. "तुला कशाला? तू तर आत्ता आलीस."

"काही नाही हो," नवी हसून म्हणाली, "उगीच आपलं. असावा."

'असावा' हा शब्द पैलवानाला घरापर्यंत पुरला. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर तिनं नवऱ्याला ऑर्डर सांगितली. साडेनऊनं घास खाली ठेवला.

"आणखी एक? अगं, मी काय चिमट्यांचा कारखाना काढलाय का?"

"नको असेल तर नका करू."

"करतो. पट्ट्या काय, पडूनच असतात."  मग त्यानं डावा हात टेबलावर ठेवला. पण या वेळी बोट वाजवलं नाही. "एक सांगू? माझं बोट गेलं ना, त्या महिन्यात करवतीला जाळी बसली. त्याआधी आम्ही दहादा मागितली होती, नाही बसली. कारण मालकाला काही दिसत नव्हतं. मग मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि बोट दाखवलं."

"अर्धंच दाखवलंत."

"अर्ध्यानं काम झालं." तो हसला. "तुझी पाठ अख्खी आहे. ती तू दाखवत नाहीस, आणि दाखवल्याशिवाय ती कुणाला दिसणार नाही."

तिनं एकदम वर पाहिलं. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुझे मोजे कपाटात कोरे पडलेत तेव्हापासून," साडेनऊ म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

तिला राग आला आणि बरंही वाटलं. राग यासाठी, की इतके दिवस हा माणूस जाणून होता. बरं वाटायचं कारणही तेच. तरी ती म्हणाली, "मला शिवणखोलीत नाही जायचं." तो म्हणाला, "माहीत आहे." मग दोघांनी मिळून भांडी घासली, आणि खाली ठेवायच्या पातेल्या त्यानं ठेवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत निवासात मोजणीवाल्या बाई आल्या. सरकारी कचेरीतून आल्या होत्या. कुठल्या धंद्यात शंभर माणसांमागे किती जणांना दुखापत होते, किती जण आजारी पडून घरी बसतात, याचे आकडे गोळा करणं हे त्यांचं काम. केस पांढरे व्हायला लागलेले, पायांत चालून चालून झिजलेले बूट, आणि बोलणं सौम्य.

निवासाच्या प्रमुख मोठ्या बाई त्यांना घेऊन फिरल्या. मोठ्या बाई स्वतः कधीकाळी आया होत्या. पायरीपायरीनं वर चढल्या होत्या, आणि निवासावर त्यांचा स्वतःच्या घराइतका जीव होता. दर्शनी भिंतीवर एक ढाल टांगली होती, कामावर कुणालाही इजा न झाल्याबद्दल मिळालेली. ढाल रोज पुसली जायची. मोठ्या बाईंनी पाहुणीला आधी त्या ढालीसमोरच उभं केलं.

"आमच्याकडे शून्य," त्या म्हणाल्या. "दरवर्षी शून्य."

"हो, त्यासाठीच आले मी," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंना वाटलं, कौतुक करायला आल्यात. त्या खुलल्या. दुपारी चहाच्या वेळी सगळ्या जणी आयांच्या खोलीत जमल्या आणि मोजणीवाल्या बाईंनी प्रश्नांचा कागद काढला.

"मागच्या वर्षात इथे काम करताना कोणाला लागलं का?"

आयांनी एकमेकींकडे पाहिलं. "नाही."

"अगदी कोणालाच नाही?"

"एकदा माझं बोट दारात चेमटलं होतं," एक जण म्हणाली. "पण ते दार आमच्या घरचं होतं."

हशा पिकला. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या, त्याही हसल्या. मोजणीवाल्या बाईंनी कागदावर शून्य मांडलं. पण पेनाला टोपण घातलं नाही.

"मी तुम्हाला खरं सांगते," त्या म्हणाल्या. "मी सगळीकडे जाते. ओतकामाच्या कारखान्यात, लाकडाच्या वखारीत, छपरं घालणाऱ्यांकडे. लोकांना वाटतं, जास्त माणसं तिथेच जायबंदी होत असतील. जिवाला धोका तिथे जास्त, ते खरंच आहे. पण काम करता करता अंग धरलं म्हणून जी माणसं घरी बसतात, त्यांचा हिशेब मांडला, की तुमच्यासारख्या म्हाताऱ्यांना उचलणाऱ्या बाया कित्येकदा कारखान्याच्या वर निघतात. आसपासच्या सगळ्या निवासांत हेच दिसलं. आणि तुमचं मात्र शून्य. एक तर तुम्हाला काही जादू येते, ती मला शिकायची आहे, नाहीतर..."

'नाहीतर' त्यांनी पुरं केलं नाही, कारण बोलता बोलता पेनाचं टोपण त्यांच्या हातातून निसटलं आणि टेबलाखाली गेलं.

आता बघा. साधं टोपण. कुणीही वाकून उचललं असतं. पण खोलीतली एकही बाई वाकली नाही. सगळ्यांच्या माना एकदम खुंट्यांकडे वळल्या. जवळ बसलेल्या नवीनं आपला पिवळ्या दोऱ्याचा कोरा करकरीत चिमटा काढला, टोपण धरलं, आणि अगदी अदबीनं पाहुणीच्या हातात दिलं. रोजची सवय. आपण काही वेगळं केलं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मोजणीवाल्या बाईंनी टोपणाकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रांगेकडे पाहिलं. लाल दोरा, निळा दोरा, हिरवा दोरा.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चिमटे," नवी म्हणाली. "खाली पडलेलं उचलायला."

"प्रत्येकीला?"

 पैलवानानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. तिला समोर नवी दिसत होती. चिमटा परत टांगताना तिनं एक हात भिंतीला टेकला होता. अगदी पैलवान टेकायची तसाच. धरा मला, असं ती भिंतीला म्हणत असावी. हेही आपणच शिकवलं, असं पैलवानाच्या मनात आलं, आणि तिला तो चहा कडू लागला.

कॉरिडॉरच्या टोकाला शिवणयंत्राची खडखड चालली होती. बोललं की तिथे. न बोललं की ही नवी आपल्यामागून त्याच वाटेनं तिथे. मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. पैलवानानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं कप खाली ठेवला.

"बाई, तुम्ही विचारलंत लागलं का," ती म्हणाली. "लागलं म्हणजे रक्त. पट्टी. ते आमच्यात कोणाला होत नाही, खोटं नाही बोललो आम्ही. आमचं लागत नाही. आमचं भरतं."

"भरतं?"

"पाठ भरते. उसण भरते. कंबर धरते, खांदे भरून येतात. तुम्ही ते विचारलंच नाहीत." मग ती एका दमात म्हणाली, "माझी कंबर गेलीय. बरीच वर्षं झाली. मोजे घालता येत नाहीत मला. पहिला चिमटा माझा आहे."

 निळ्या दोऱ्यावाली म्हणाली, "माझी मान." हिरव्या दोऱ्यावाली म्हणाली, तिचे दोन्ही खांदे, आणि रात्री कूस बदलताना नवऱ्याला उठवावं लागतं, तो कावतो. एकीचं झालं की दुसरी. इतकी वर्षं एका खोलीत एप्रन बदलणाऱ्या बाया एकमेकींच्या पाठी पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि गंमत अशी, की मधूनमधून हसू यायला लागलं. "तुझंही डावीकडेच का गं?" "अगं, मग मागच्या थंडीत तू मला झाडून घ्यायला लावलंस ते यासाठी होय!" नवी सगळ्यात शेवटी हळूच म्हणाली, "मला वाटलं, मीच कच्ची आहे."

मोजणीवाल्या बाईंनी कागदावरचं शून्य खोडलं. "चूक माझ्या कागदाची आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांनी हे प्रश्न काढले, त्यांच्या डोळ्यांसमोर करवती असणार. तुमचा शब्द मला यायला हवा होता." मग त्या उठल्या, खुंट्यांशी गेल्या आणि चिमट्यांवरून बोट फिरवत मोजू लागल्या.

"एक कमी मोजलात," दारातून आवाज आला.

सगळ्या वळल्या. मोठ्या बाई खाली बघत होत्या.

"माझा कपाटामागे आहे," त्या म्हणाल्या. "हिच्या नवऱ्याकडून गुपचूप करून घेतला होता. कुणाला सांगू नका म्हटलं होतं, त्यानं खरंच सांगितलं नाही."

पैलवान बघतच राहिली. साडेनऊच्या पोटात काय काय राहतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली आणि आयांच्यात बसल्या. शिवणखोलीचा रिवाज त्यांनीच पाडला होता. विश्रांती मिळावी म्हणून, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. पण ती खोली बघून बाया गप्प बसतात, हेही त्यांना कळत होतं. ढाल भिंतीवर छान दिसते, म्हणून त्यांनी त्याकडे कानाडोळा केला होता. "मीही तशीच गप्प बसले होते," त्या म्हणाल्या. "वर चढले म्हणून वाचले."

"कोणाला शिवणखोलीत पाठवायची गरज नाही," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या. "माणसं उचलायचं यंत्र मिळतं. आकडा कागदावर आला की मागता येतं. शून्यावर काही मागता येत नाही."

ढाल उतरली. भिंतीवर तिच्या आकाराचा एक फिकट डाग राहिला, आणि मोठ्या बाई काही दिवस तिकडे न बघता जायच्या. मग तिथे त्यांनी घड्याळ लावलं.

यंत्र यायला वेळ लागला, पण आलं. चाकांवरचा लोखंडी खांब, पुढे आलेला हात आणि त्या हाताला लटकणारी जाड कापडाची झोळी. माणसाला झोळीत बसवायचं आणि बाजूचा दांडा वरखाली करायचा, की झोळी अलगद वर. त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तकात त्याचं लांबलचक नाव होतं. आयांनी ते एकदा वाचलं आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली. दांडा मारायला पाठ लागत नव्हती, नुसते हात लागत होते. म्हणून मोठ्या बाई स्वतः शिवणखोलीच्या दारात गेल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "चला. तुमच्याजोगं काम आलंय." थोरलीनं सुई कापडात तशीच टोचली आणि उठली. केस नीट करायलासुद्धा थांबली नाही.

साडेनऊही त्या दिवशी हजर होता. यंत्र बघायला म्हणून त्यानं सुट्टी काढली होती. खांबाच्या जोडणीला हात लावून त्यानं "बरं आहे, लाकडाचं असतं तर आणखी बरं झालं असतं" असा शेरा मारला, आणि बोट वाजवायला टेबल शोधू लागला.

पहिला मान मास्तरांचा. मास्तरांनी झोळीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी काय बाजारातली भाजी आहे पिशवीत घालायला? मला पैलवान उचलेल."

"मास्तर, पैलवानाची कंबर गेली आहे," पैलवान म्हणाली. इतक्या लोकांत ते वाक्य किती सहज तोंडातून आलं, याचं तिलाच नवल वाटलं.

 मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला उचलू दिलं असतं का?"

"नसतं दिलं," मास्तर म्हणाले. आणि मग मुलांची परीक्षा घ्यायच्या जुन्या आवाजात म्हणाले, "ठीक. मग आधी तू बस त्यात. मी बघतो. पास झालं, तर मी बसतो."

आया हसल्या. पैलवान नाही नाही म्हणत होती, पण थोरलीनं तिला खांद्याला धरून झोळीत बसवलंसुद्धा. "गप गं. तुला काम मी शिकवलंय," ती म्हणाली. नवीनं पट्टे अडकवले, ओढून बघितले. पैलवान हसत होती, दोन्ही हातांनी कापड घट्ट धरून. "पाडाल मला. माझं वजन काय मास्तरांएवढं आहे का?"

थोरली दांडा मारू लागली. कापड ताणलं गेलं. पैलवानाच्या चपला फरशीवरून सुटल्या, एक पायातच राहिली आणि एक खाली पडली. सवयीनं तिची मान खुंट्यांच्या दिशेला वळायला लागली, आणि तेवढ्यात ती पूर्ण वर आली.

आणि तिचं हसू थांबलं.

कंबरेत काहीतरी सुटलं. इतकी वर्षं वळलेली एक मूठ कुणीतरी बोट बोट करून उघडावी, तसं. पाठीवर काही नव्हतं. स्वतःचं वजनसुद्धा नव्हतं. ती सगळी त्या कापडात होती आणि कापड तिला धरून होतं. किती माणसं उचलली तिनं आजवर, त्यांची गणती नव्हती. तिला कुणी उचललं होतं ते आईनं, आणि तेही आता आठवण्यापलीकडचं. धरा मला, असं तिनं जन्मभर लोकांना सांगितलं, आणि धरलं की कसं वाटतं हे तिला ठाऊकच नव्हतं. समोर साडेनऊ उभा होता. त्यानं तिची पडलेली चप्पल वाकून उचलली होती आणि छातीशी धरली होती.

"पास का?" मास्तरांनी पलंगावरून विचारलं. "पैलवान, उतर आता. माझा नंबर आहे."

"थांबा मास्तर," ती म्हणाली. "जरासं थांबा."

तिच्या गालांवरून पाणी ओघळलं तसा थोरलीचा दांड्यावरचा हात थांबला. नवी घाबरली. झोळीचे पट्टे चाचपत ती खालून विचारू लागली, "काय झालं ताई? पट्टा रुतला का? लागलं का?"

"नाही गं," पैलवान म्हणाली. "भरून आलं."